कलिंगडाचा कॉक आणि चौथी लेव्हल

वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मी वडिलांशी खोटं बोललो. फार नाही, एकच वाक्य बोललो. पण ते अशा ठिकाणी जाऊन बसलं की पुढं दीड महिना घरात कुणाला धड झोप नव्हती आणि मला तर तोंड दाखवायला जागा नव्हती. खोटं बोलण्याचं कारण सांगायचीही लाज वाटते. मी व्हिडिओ गेम खेळत होतो.

मी इंदापूरच्या एका शाळेत गणित शिकवतो. राहायला वरकुट्यात, रानातल्या घरात. पालकसभेत मोबाइलच्या दुष्परिणामांवर बोलायचं काम दरवर्षी माझ्याकडं असतं आणि ते मी मनापासून करतो. मागच्या सभेत तर एक आई रडली. त्याच आठवड्यात माझं पार्सल आलं.

पार्सलमध्ये हातात धरून खेळायचं एक मशीन होतं. तळहातापेक्षा थोडं मोठं, मधे पडदा, डाव्या बाजूला दिशांची फुली आणि उजव्या बाजूला चार बटणं. आत माझ्या लहानपणचे हजारो गेम. मला त्यातला एकच हवा होता. अकरावी-बारावीला मी बारामतीत खोली घेऊन राहायचो, तेव्हा स्टँडच्या मागं एका दुकानात नाणं टाकून खेळायचं मशीन होतं. त्यात विमानाचा गेम होता. तिसऱ्या लेव्हलच्या शेवटी एक लांबलचक जहाज यायचं आणि त्याच्यापुढं माझं विमान दरवेळी फुटायचं. दोन वर्षं फुटलं. पुढं मी शिकलो, नोकरी लागली, लग्न झालं, पेरूची बाग लावली, पण ते जहाज जिथल्या तिथं उभं होतं.

मशीन मी खडूच्या रिकाम्या खोक्यात ठेवायचो. बायकोनं ते खोकं बघितलं आणि म्हणाली, "शाळेतलं खडू घरी आणायला लागला व्हय? किती ती हाव." मी मान खाली घातली. चोर ठरणं परवडलं असं वाटलं.

त्या रविवारी आबा, म्हणजे माझे वडील, पिंपळीला एका पाहुण्यांच्या दहाव्याला निघाले होते. धाकटा भाऊ पेरू घेऊन बारामतीच्या बाजारात गेलेला. शेती तोच बघतो, पण पाण्याचं खातं आबांचं. आमच्या रानात एका मोटारीवर दोन तुकडे भिजतात, एका बाजूला कलिंगड, दुसऱ्या बाजूला पेरू, आणि मधे एक कॉक. तो इकडं फिरवला की इकडं पाणी, तिकडं फिरवला की तिकडं. कलिंगडं तोडायला आली होती. अशा वेळी पाणी बेतानं द्यावं लागतं, नाहीतर फळ आतून फुगतं आणि तडकतं. हे मला चांगलं माहीत होतं.

"दहाला लाईट येईल," आबा म्हणाले. "मोटार आटोवर हाय, तिची ती चालू हुईल. कलिंगडाला फकस्त अर्धा तास. मग कॉक फिरवायचा अन् पेरूला सोडायचं. ध्यानात ऱ्हाईल का मास्तर?"

"व्हय आबा."

फाटकापर्यंत जाऊन ते परत वळले. "अर्धाच तास."

"व्हय आबा."

साडेदहाला मी कॉककडं निघालोच होतो. हातात मशीन होतं, एवढंच. कॉकपासून दहा पावलांवर असताना ते जहाज फुटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. पडद्यावर चौथी लेव्हल आली आणि खाली वाळवंट सुरू झालं. मी हौदाच्या कट्ट्यावर टेकलो. वाळवंटात माणसाला पाण्याची आठवण कशी येणार? मशीनची बॅटरी संपली तेव्हा दोन वाजून गेले होते.

मी पळत जाऊन कॉक फिरवला. बेडवर माती झाकणारा मल्चिंगचा कागद असल्यामुळं वरून काही दिसत नव्हतं. माझं मन म्हणालं, जमीन पिऊन घेईल. जमिनीनं घेतलं नाही, कलिंगडांनी घेतलं.

तिसऱ्या दिवशी व्यापारी माल बघायला आला. पहिल्याच सरीत थांबला आणि भावाला म्हणाला, "तात्या, ह्यांनी तर दात काढल्यात." खरंच, ओळीनं कलिंगडं लालभडक हसत होती. पुढचे आठ दिवस आमच्या म्हशींनी, शेजारच्या म्हशींनी आणि वस्तीवरच्या सगळ्या माणसांनी सकाळ-दुपार-संध्याकाळ कलिंगड खाल्लं.

भावानं आबांना विचारलं, "पाणी कुणी बघितलं त्या दिवशी?"

"दादाला सांगून गेलतो की," आबा म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "सांगितलं हुतं ना रं?"

खरं बोलायला तेवढीच वेळ होती. पण खरं बोललो असतो तर पुढचा प्रश्न आला असता की मग करत काय होतास?

"न्हाय आबा," मी म्हणालो. "तुमी मला काय सांगितलंच न्हाय. मी दोनला सहज गेलो तर पाणी चालू दिसलं. मग मीच कॉक फिरवला."

"बरं झालं, दादा गेला तरी," भाऊ म्हणाला. "न्हायतर पार तळं झालं असतं."

म्हणजे वर शाबासकीही मिळाली. आबांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली. "सांगितलं न्हाय व्हय," एवढंच म्हणाले.

चार दिवसांत भावानं टायमर आणून बसवला. आबांचं खातं गेलं. ते रोज दहाला कॉकजवळ जाऊन उभे राहायचे आणि टायमर टक् करून आपलं काम करायचा. बायकोनं रात्री बदाम भिजत घालून सकाळी आबांना द्यायला सुरुवात केली. आबा मोजून पाच खायचे आणि "पाच खाल्लं गं, ध्यानात हाय," असं सांगायचे. गावात दूध डेअरीवर बातमी गेली की आबांना विसरायला लागलंय. मग लोक त्यांच्याशी मोठ्यानं आणि सावकाश बोलू लागले.

"आबा, मी कोण? वळखलं का?"

"तुझ्या बापालाबी वळखतो," आबा म्हणायचे. "दोन वर्सं झाली माझी पहार नेऊन. आण जा."

पण घरी आल्यावर स्वतःची परीक्षा घ्यायला त्यांनी जुने पाढे काढले आणि तपासायला मला बसवलं, कारण मी गणिताचा मास्तर. पाऊणकी झाली, दिडकी झाली, अडीचकी झाली. मग औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, धडाधड सुरू झाला. मला औटकी येत नाही. मी मोबाइलचा कॅल्क्युलेटर मांडीआड धरून तपासत होतो.

"औट नवे?" मधेच थांबून त्यांनी मलाच विचारलं.

मी बटणं दाबत होतो.

"साडेएकतीस," आबा म्हणाले आणि माझ्याकडं जरा काळजीनं बघितलं. "तूबी बदाम खात जा."

शेवटी भावानं सांगितलं, दादा, त्यांना इंदापूरला डॉक्टरकडं ने. नेलं. डॉक्टरनं वार विचारला, महिना विचारला, तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी परत विचारले. मग म्हणाला, शंभरातून सात वजा करत जा. आबा त्र्याण्णव, शहाऐंशी करत न थांबता दोनपर्यंत उतरले आणि म्हणाले, "आता उलटं वर येऊ का?"

"तुमचं डोकं ठणठणीत आहे आबा," डॉक्टर हसून म्हणाला.

मला वाटलं, सुटलो. आबांना बरं वाटेल, सगळं मिटेल, मला काही सांगावं लागणार नाही. आम्ही स्टँडसमोर चहाला बसलो. आबांनी चहा बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

"डाक्टर म्हणतो डोकं शाबूत हाय. मग तेवढंच कसं गेलं रं? मला तर फाटकापासनं मागं आल्यालं दिसतंय. तू 'व्हय आबा' म्हणल्यालं ऐकू येतंय. आता न झाल्यालं दिसाय लागलं म्हंजी अवघडच हाय." मग हळूच म्हणाले, "त्येला नीट सांगता आलं न्हाय मला. परत दवाखान्यात जाऊन सांगू का?"

ते खरंच उठायला लागले. मी त्यांचा हात धरला.

"आबा, तुमी सांगितलं हुतं. मीच खोटं बोललो. मी गेम खेळत हुतो."

त्यांनी बशी उचलली, सगळा चहा प्यायला, बशी खाली ठेवली.

"मोबाइलवर?"

"न्हाय, त्याचं येगळं मशीन असतंय."

"येगळं मशीन इकत घेतलंस?"

"व्हय."

"जिंकलास का?"

"चौथ्या लेव्हलला हारलो."

"मग काय उपेग झाला," आबा म्हणाले. एवढ्या दिवसांत त्यांचा खांदा पहिल्यांदा सैल झालेला दिसला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला. "हितं नगं. हितं मला कोण वळखतंय? डेअरीवर माग. तितं मी येडा ठरलोय."

संध्याकाळी पाचला, दूध घालायच्या वेळेला, आम्ही डेअरीवर गेलो. किटल्या घेऊन पंधरा-वीस जण रांगेत होते. त्यातले निम्मे माझे जुने विद्यार्थी. भाऊही होता. आबा पुढं जाऊन कट्ट्यावर बसले, दोन्ही हात काठीवर ठेवले.

मी सगळं सांगितलं. अर्धा तास सांगितला होता, मी चार तास पाणी सोडलं, आणि खापर आबांच्या डोक्यावर फोडलं. भावानं किटली खाली ठेवली. माझ्याकडं बघितलं, मग आबांकडं बघितलं, आणि त्याचा चेहरा पडला. दूध मोजणाऱ्याचं माप तसंच हवेत राहिलं.

"कंचा गेम सर?" रांगेतून एकानं विचारलं. खरंच माहिती हवी होती त्याला.

"विमानाचा," मी म्हणालो. मग आबांच्या पुढं जाऊन उभा राहिलो. "माझं चुकलं आबा. तुमी काय इसरला न्हाय. मी भ्यालो अन् तुमाला खोटं पाडलं. मला माफ करा."

आबांनी कानामागं हात धरला.

"मोठ्यानं बोल. मागच्यांना ऐकू गेलं न्हाय."

मी रांगेकडं तोंड केलं आणि पहिल्यापासून परत म्हणालो.