पिवळी रेघ

मी भित्री आहे, हे आमच्या घरात कुणी लपवून ठेवलेलं नाही. भिसेगावातल्या आमच्या इमारतीत जिन्यातला दिवा गेला तर मी खालूनच आईला हाक मारते, आणि आई "भित्यापाठी ब्रह्मराक्षस" म्हणत बॅटरी घेऊन खाली उतरते. गॅसचं बटण मी तीनदा बघते. कुलूप लावून ओढते, फाटकापर्यंत जाते, परत येऊन पुन्हा ओढते. मी इंजिनिअरिंगला मेकॅनिकल घेतलं तेव्हा मामा म्हणाला होता, "मशीन सुरू झालं की ही वर्गाबाहेर."

मामाचं काही खरं झालं नाही. उलट दुसऱ्या वर्षी मी कॉलेजच्या गाडीच्या टीममध्ये शिरले. आमचं कॉलेज खालापूर तालुक्यात. दरवर्षी मेकॅनिकलची वीस-पंचवीस मुलं मिळून एक गाडी बांधतात. एका माणसाची, पाइपांच्या पिंजऱ्याची, खड्ड्याधोंड्यांतून पळणारी. ती घेऊन लांबच्या स्पर्धेला जायचं. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जागा पुरत नसे, म्हणून चौकला हायवेलगत एका मिस्त्रीकाकांच्या गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये आम्ही काम करायचो. टीममध्ये मुली दोनच. दुसरी कॉम्प्युटरवर डिझाइन करायची. ग्रीसमध्ये हात घालणारी मी एकटी.

माझ्याकडे पिवळा मार्कर होता. हे काम लहान वाटतं, पण नव्हतं. नट टॉर्क पान्याने ठरलेल्या जोरापर्यंत आवळला की त्यावर, बोल्टच्या टोकावर आणि खालच्या पत्र्यावर मिळून एक सलग पिवळी रेघ मारायची. पुढे नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबून कळतं. आवळायचं आणि रेघ मारायची ती एकाच माणसाने. आणि रेघ असलेल्या नटाला दुसऱ्या कुणी पाना लावायचा नाही, हा आमच्यातला अलिखित नियम. कुणी लावलाच तर तो अपमान समजला जाई, भांडणं व्हायची. कॅप्टनने मार्कर मला दिला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, "हिला देतो. ही घाबरते म्हणून दोनदा बघेल." सगळे हसले, मीही हसले. पण मला त्या मार्करचा अभिमान होता, आत्ता लिहितानाही खोटं कशाला बोलू.

गाडी चालवायची ती कडावच्या एका मुलाने. माझ्याच वर्गातला. शेतकऱ्याचा पोरगा, बाराव्या वर्षापासून ट्रॅक्टरवर बसलेला, त्यामुळे आमच्यातल्या कुणालाही जे पुस्तकातून शिकावं लागलं ते त्याच्या कमरेला आधीच ठाऊक होतं. स्पर्धेत गाडी चालवायला मिळावी एवढ्यासाठी तो वर्षभर शेडमध्ये राबला. त्याची एक सवय होती. हेल्मेट चढवून, पट्टे आवळून झाले की माझ्याकडे न बघताच विचारायचा, "पिवळं?" मी म्हणायचे, "पिवळं." मग तो निघायचा. असं किती वेळा झालं असेल, मोजलं नाही.

त्या दिवशी पहिली मोठी चाचणी होती, कडावला त्याच्याच शेतात. भात कापून झालं होतं, जमीन सुकून टणक झाली होती, आणि एकामागे एक बांध होते. गाडीला उड्या मारायला याहून चांगली जागा आम्हाला फुकटात कुठे मिळणार! सकाळी शेडमध्ये शेवटची आवळाआवळ माझ्याकडे होती. पुढच्या चाकांना वळवणारे जे दांडे असतात, टाय रॉड, ते आदल्या दिवशी खोलले होते. त्यांचे लॉकनट, म्हणजे हादऱ्यांनी न सुटणारे नट, अजून आले नव्हते, म्हणून चाचणीपुरते साधे नट लावायचं ठरलं.

आणि मार्कर सुकत आला होता. टोपण रात्रभर उघडं राहिलं असावं. झटकला की चार रेघा यायच्या, मग कोरडा. टेंपो बाहेर येऊन हॉर्न वाजवत होता. मी विचार केला, रंग येतोय तोवर सगळ्या रेघा मारून घेऊ, मग एकेक आवळत जाऊ. आवळताना जी रेघ तुटेल ती पुन्हा जोडू. वर्षभरात मी असं कधी केलं नव्हतं. डावीकडचा आवळला. मग आईचा फोन आला, डबा घरीच राहिला म्हणून. तिच्याशी बोलता बोलता पाना खाली ठेवला, कॅप्टन म्हणाला चला चला, आणि सहा जणांनी गाडी उचलून टेंपोत चढवली.

कडावला पोचल्यावर त्याची आई बांधावर वालाच्या शेंगा तोडत होती. आमच्याकडे बघून हात केला. कॅप्टन हातात लाल टॉवेल घेऊन उभा राहिला. टॉवेल हलला की गाडी थांबवायची. चालकाने पट्टे आवळले.

"पिवळं?"

"पिवळं," मी म्हणाले. त्या वेळी मी खरंच तसं समजत होते. एवढं माझ्या बाजूने.

गाडी निघाली, पहिला बांध ओलांडला, मुलं ओरडली. मी हात खिशात घातला आणि मार्कर हाताला लागला. तो बाहेर काढून उगाच झटकला. कोरडा. तेव्हा सकाळचं सगळं एकदम आठवलं: रेघा आधी, पाना नंतर. डावा आवळल्याचं हाताला आठवत होतं. उजवा आवळल्याचं आठवत नव्हतं.

मी डोळे मिटून शेड आठवायला लागले. पाना कुठे ठेवला? डाव्या चाकाजवळ. म्हणजे उजवीकडे गेलेच नाही? की जाऊन परत आले? पान्याचा तो 'टक्' आवाज येतो, जोर पुरा झाला की. किती टक् ऐकले? आईचा आवाज तेवढा आठवत होता, भेंडीची भाजी आहे म्हणाली होती. बाकी कोरं. कुलपासाठी मी तीनदा मागे फिरते, आणि इथे एक माणूस त्या दांड्याच्या भरवशावर बांधांवरून उडत होता.

कॅप्टन माझ्यापासून चार पावलांवर होता. "टॉवेल हलव" एवढंच म्हणायचं होतं. किंवा नुसतं "थांब". मी त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा शेताकडे बघायला लागले. आवळलेला निघाला तर? सगळं शेत हसेल. ही बघा, पुन्हा घाबरली. आणि सैल निघाला तर मार्कर गेला, टीम गेली, मामाचं खरं झालं. दोन्हीकडून मरण माझंच, असं मला वाटत होतं. खरं मरण कुणाचं, ते त्या क्षणी सुचलं नाही, हे लिहायला आज लाज वाटते.

पहिली फेरी धड पार पडली. गाडी आमच्यासमोर येऊन उभी राहिली. देवानेच वेळ दिल्यासारखं झालं. मी पुढे झाले, उजव्या चाकाशी वाकले. नटावर मातीचा थर होता. रेघ आहे की तुटली, काहीच दिसेना. ओढणीने पुसायचं, बस्स, एका सेकंदाचं काम.

"काय गं, परत घाबरलीस?" कॅप्टन मागून म्हणाला. दोघेतिघे हसले.

मी उभी राहिले. "काही नाही," म्हणाले.

हेल्मेटच्या आतून आवाज आला, "पिवळं?"

आणि मी म्हणाले, "पिवळं."

पहिल्यांदा म्हणाले ती चूक होती. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा मला माहीत होतं की मला माहीत नाही.

दुसऱ्या फेरीत मी गाडीकडे बघूच शकले नाही, भाताच्या धसकटांकडे बघत उभी होते. मनात म्हणत होते, एवढी फेरी होऊ दे, मग टेंपोत चढवताना गुपचूप आवळीन, पुन्हा आयुष्यात कधी असं करणार नाही. तिसऱ्या बांधावर गाडी खाली टेकली तसा आवाज बदलला. मान वर केली तर डावं चाक एकीकडे वळलेलं आणि उजवं सरळ. गाडी वेड्यासारखी फिरली, पुढच्या बांधाला आडवी धडकली आणि कुशीवर पडली. इंजिन चालूच होतं.

त्याच्या आईची किंकाळी मी अजून ऐकते. शेंगांची टोपली टाकून ती धावली, आणि आमच्या आधी पोचली. पिंजरा शाबूत होता, पट्टे शाबूत होते, तो त्यांत आडवा लटकला होता. "हात... हात," एवढंच म्हणत होता. स्टिअरिंगने झटका देऊन उजवं मनगट मोडलं होतं. मी तिथेच खाली बसले आणि रडायला लागले. रडणं थांबेना.

त्याला शेजाऱ्यांच्या मोटारीत घालून कर्जतला नेलं. त्याची आई निघता निघता माझ्याजवळ आली, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू कशाला रडतेस गं पोरी? तुजी काय चूक हाय त्यात?"

त्या हाताखाली मी मान वर केली नाही.

दोन दिवस मी जेवले नाही असं म्हणणार नाही, जेवले. पण दरवेळी फोन वाजला की घास ठेवून आधी नाव बघायचे. कुणाला तरी कळलं असेल, असं वाटायचं. कुणालाच कळलं नव्हतं. नट शेतातल्या मातीत कुठेतरी गेला होता, आणि रेघ तर होती, सगळ्यांनी सकाळी डोळ्यांनी पाहिली होती. त्यामुळे शेडमध्ये बैठक झाली तेव्हा प्रश्न सरळ सुटला. नट पिवळा होता म्हणजे चूक चालकाची. कॅप्टन म्हणाला, "तो ट्रॅक्टर समजून चालवतो. बांध फार जोरात घेतला. स्पर्धेत दुसरा कुणीतरी चालवेल."

तो तिथेच जुन्या टायरवर बसला होता, हात प्लॅस्टरमध्ये. वाटलं भांडेल. तो म्हणाला, "आसंल. मी जोरात घेतला आसंल." वर्षभर राबलेला मुलगा, आणि माझी रेघ त्याला स्वतःपेक्षा खरी वाटत होती.

मिस्त्रीकाका टाय रॉडचं टोक उजेडाला धरून बघत होते. ते आमच्या बैठकीत कधी बोलत नसत. म्हणाले, "आटे शाबूत हायेत रं. जोरात आदळून तुटलं आस्तं तर आटे सोलले आस्ते. ह्ये तुटल्यालं नाय. सुटल्यालं हाय." आणि टोक टेबलावर ठेवून हात पुसायला लागले. माझ्याकडे बघितलंही नाही. कॅप्टनने ते कानाआड केलं. रेघ होती ना, म्हणाला.

मला तिथून पळून जायचं होतं. हायवेवर एसटी थांबते, पाच मिनिटांत भिसेगावच्या रस्त्याला लागले असते. पाय खरंच दाराकडे वळले होते. पण टेबलावर एक सुटा बोल्ट पडलेला होता, आणि मार्कर खिशात होता, नवा, परवाच आणलेला. मी बोल्टवर नट हाताने दोन आटे चढवला. त्यावर पिवळी रेघ मारली, छान सरळ. सगळ्यांसमोर धरली. मग एका बोटाने नट फिरवला, तो गरगर सुटून खाली पडला.

"मी असं केलं," मी म्हणाले. "उजव्या बाजूला. रेघ आधी मारली. आवळला नाही. पहिल्या फेरीतच मला शंका आली होती, तरी बोलले नाही."

बोल्ट मी टेबलावर ठेवला. कॅप्टनने हात पुढे केला, मी मार्कर त्याच्या हातात दिला. टायरवर बसलेला मुलगा उठला आणि बाहेर निघून गेला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

प्लॅस्टर निघेपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. वर्गात माझ्या मागच्या बाकावर बसायचा, डाव्या हाताने वेडंवाकडं लिहायचा. गाडी चालवणं मात्र त्याच्याकडेच राहिलं. मी शेडमध्ये जायचे, पत्रे घासायचे, झाडू मारायचे. काढून टाकलं नव्हतं आणि ठेवलंही नव्हतं.

स्पर्धेला जाण्याआधीची शेवटची चाचणी पुन्हा त्याच शेतात झाली. या वेळी लॉकनट होते. नट कॅप्टनने स्वतः आवळले, रेघा त्यानेच मारल्या. मी लांब, बांधावर त्याच्या आईजवळ उभी होते. तिला आता सगळं माहीत होतं. ती माझ्याशी बोलत नव्हती, पण उठूनही गेली नाही.

त्याने हेल्मेट घातलं. पट्टे आवळले. कॅप्टन चाकाशी उभा होता, त्याच्याकडे त्याने बघितलं नाही. मान वळवून लांब माझ्याकडे बघितलं. तोवर त्याने कधी बघितलं नव्हतं.

"पिवळं?"

इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच खरंच विचारत होता.

"थांब," मी म्हणाले.

कुणी हसलं नाही. मी बांधावरून खाली उतरले, टेंपोतून पाना घेतला आणि उजव्या चाकापाशी गुडघ्यांवर बसले. कॅप्टन बाजूला झाला. एकेका नटाला पाना लावून मी टक् ऐकत गेले, आणि तो गाडीत बसून माझ्याबरोबर मोजत होता.