नकाशातली दलदल

अणदूरहून सोलापूरकडं जाताना जुन्या निजामी हद्दीवर करोडगिरीचा नाका होता. येणाऱ्याजाणाऱ्या मालावर तिथं जकात घेत. माणिकप्पा अठरा वर्षं त्या नाक्यावर शिपाई. विलीनीकरणानंतर काही वर्षांनी नाका उठला आणि त्याच रस्त्यावर खड्डे बुजवायला त्याच्या हाती फावडं आलं. कायम होण्याचा कागद मात्र अडला होता. जुन्या नोकरीत इमान राखलं, असा दाखला विष्णुपंतांनी द्यायचा होता. पंत तेव्हा नाक्याचे कारकून, आता रस्ते खात्यात.

त्या चैत्रात बावीस चाकांची गाडी ओढ्याच्या पुलाअलीकडं थांबली. वर ताडपत्रीखाली यंत्र. जर्मनीहून बोटीनं मुंबईला उतरलेलं, हैदराबादला निघालेलं. कमानीचा जुना पूल तेवढं वजन पेलणार नव्हता. खात्याच्या साहेबांनी नकाशा उलगडला. पुलाच्या दोन्ही अंगांना दलदल.

"उतरायला जागा नाही. परत सोलापूर. यंत्र सुटं करून न्यायचं तर दोन महिने."

"मावशी, दोन महिने मुक्काम म्हणल्यावर पोरगी बघा एखादी," ड्रायव्हर खडी टाकणाऱ्या धुरपताबाईला म्हणाला.

"आदी आंगूळ कर. मग बगू."

माणिकप्पा हसला नाही. ती दलदल त्याचीच होती. पुलाच्या खालच्या अंगाला अर्ध्या मैलावर ओढ्यात सलग खडक होता. चोरटा माल तिथून जायचा. लग्नसराईत सोलापूरचं कापड, टंचाईत घासलेट. गाड्या सोयऱ्याधायऱ्यांच्या. दर साली पंत विचारत, "खालून वाट आहे का रे?" तो सांगे, "न्हाय जी, दलदल हाय. बैल रुततो." पंत लिहून घेत. नाका गेला, लिहिलेलं राहिलं, आणि कुणीतरी ते नकाशावर चढवलं.

आता गप्प बसलं की दाखला मिळत होता. साहेबांसोबत आलेल्या पंतांच्या पिशवीत तो लिहून तयार होता, सही तेवढी बाकी.

"साहेब," माणिकप्पा म्हणाला, "खाली खडक हाय. गाडी जाती."

पंतांनी मान वर केली. "आणि दलदल?"

"कदीच नव्हती जी."

"अठरा वर्षं माझ्या हातून खोटं लिहून घेतलंस?"

"व्हय जी."

"मग आजच का तोंड उघडलंस?"

"गाडी अडलीया जी."

तो पहार घेऊन पुढं झाला. खडकावर ठोकत, आवाज ऐकत चालला. मागून बावीस चाकं, माणसाच्या चालीनं. दुपारपर्यंत गाडी पल्याड लागली. साहेबांनी तांबड्या पेन्सिलीनं दलदल खोडली.

पंत पिशवी काखेत मारून उभे होते. "नकळत लिहिलं ते लिहिलं. जाणूनबुजून कसं लिहू, माणिकप्पा?"

"नगा लिहू."

पुढं अकरा वर्षं तो रोजंदारीवरच राहिला. नवा पूल काही झाला नाही. अवजड गाडी आली की खात्याचा माणूस त्याच्या घरी यायचा. बायको सिद्धम्मा दारातूनच विचारायची, "आज कुठल्या मुलखाचं हाय?" यायचा तो कधी रशिया म्हणायचा, कधी विलायत. माणिकप्पा तोवर चपला घालून बाहेर आलेला असे.