भिंतीखालून गेलेला देवनळ

नर्सरीवाल्याने मला फसवलं, मी शेजारणीला फसवलं, आणि भोगलं तिच्या दिराने. त्याने कोणालाच फसवलं नव्हतं.

नव्वदच्या दशकात मी मखमलाबादच्या बाजूला घर बांधलं. द्वारकेच्या चौकात जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकून मी वर आलो. भाव पाडल्याशिवाय मी कोथिंबिरीची जुडीसुद्धा कधी घेतलेली नाही. घराभोवती तेव्हा माळ्यांचे मळे होते. माझ्या कंपाउंडला लागून एका बाईची शेवंती होती. नवरा गेल्यापासून मळा तीच बघायची. तिच्या वरच्या अंगाला दिराचा मळा. त्याच्याकडून येणारा पाट दोघांनाही पाणी द्यायचा.

मला भिंतीला आडोसा हवा होता. त्र्यंबक रोडच्या एका नर्सरीत मी गुलाबाच्या रोपांसाठी घासाघीस करत होतो. भाव काही तुटेना, तेव्हा कोपऱ्यातल्या उंच, उसासारखी पेरं असलेल्या गवताकडे बोट दाखवलं. "मग वर हे दे."

"देवनळ आहे शेठ. सहा महिन्यांत भिंत दिसायची नाही."

"पसरतो का?"

"छे! पहारेकऱ्यासारखा जागेवर उभा राहतो."

गुलाबाच्या भावात देवनळ फुकट मिळाला म्हणून मी टेम्पोत शीळ घालत घरी आलो. गुलाब पहिल्याच उन्हाळ्यात गेले. देवनळ मात्र दोन पुरुष उंच झाला. वाऱ्यात त्याची पानं सळसळायची, आणि पाहुणे भिंतीकडे बघून विचारायचे, हे कुठून आणलं? मला फार बरं वाटायचं.

पुढच्या वर्षी शेजारीणबाई फाटकाशी आली. हातात मातीने भरलेला एक जाडजूड कोंब होता.

"भाऊ, हे तुमच्याकडचं हाय का बघा जरा. शेवंतीत लय माजलंय. खणलं की दुप्पट येतंय."

तिचा आवाज साधा होता. भांडायला आली नव्हती ती. पण सकाळीच एका गिऱ्हाइकाने ठरलेला सौदा मोडला होता आणि माझं डोकं तापलेलं होतं. शिवाय भिंतीच्या बुडाशी कोंब मी आधीच पाहिले होते. मला माहीत होतं.

"माझ्याकडचं?" मी म्हणालो. "वहिनी, हे ओहोळातलं गवत. तुमच्या पाटातून आलंय. माझ्याकडेही तिथूनच शिरलं. वरच्या मळ्यात जाऊन विचारा."

ती कोंबाकडे बघत राहिली. "भावजींच्या पाटातून?"

"मग दुसरं पाणी आहे कोणाचं?"

दुसऱ्या दिवशी ती परत आली. "मी बोलले तर भावजी ऐकायचे नाय. तुम्ही चला संगं. तुमच्या तोंडाला कोण लागत नाय."

तिथे मला थांबता आलं असतं. वहिनी, माझी चूक झाली, एवढंच म्हणायचं होतं. मी चप्पल घातली आणि तिच्याबरोबर गेलो.

दिराच्या अंगणात बायका मेथीच्या जुड्या बांधत होत्या. चार गडीही होते. त्याने मला खाट दिली, पाणी दिलं. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "वहिनी, माझ्या पाटात या गवताची एक काडी दावा. एकच."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "मुळी पाण्याबरोबर वाहत जाते, दादा. जाताना ती काय अंगठा लावून जाते का?"

गडी हसले. बायकाही हसल्या. असं हसू आलं की समोरचा माणूस अर्धा हरतो, हे मी बाजारात शिकलो होतो. मग विधवा बाईचं पीक, सख्ख्या भावाची जमीन, लोक काय म्हणतील, एकेक काढत गेलो. त्याने एकदा मान वळवून खाली माझ्या भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तुमचं म्हणणं काय, शेठ?"

"पाट बांधावरूनच वळवा. वहिनीला विहिरीचं पाणी आहे, तेवढं पुरतं."

"वळवला तर माझा खालचा पट्टा कोरडा पडतो. मेथी तिथंच हाय माझी."

मी पाण्याचा तांब्या उचलला. गप्प कधी बसायचं तेही मला येतं.

"वळवतो," तो म्हणाला आणि उठून आत गेला.

परतताना वहिनी म्हणाली, "भाऊ, देवासारखे आलात." मी नुसती मान हलवली.

देवनळ थांबला नाही. मी माझ्या बाजूने तो तोडला, जाळला, मजूर लावून मुळांचे गड्डे खणले. पाऊस पडला की पुन्हा फुटायचा, माझ्याकडेही आणि तिच्याकडेही. ती म्हणायची, पाटातली जुनी मुळं असतील. पण तिचं आणि दिराचं बोलणं त्या दिवसापासून बंद झालं ते झालंच. त्याच्या खालच्या पट्ट्यात नंतर कधी मेथी दिसली नाही.

मग तिच्या मुलीचं लग्न निघालं. हळदीला चुलत्याच्या घरचं कोणी आलं नाही. लग्नात चुलत्याच्या मानाचा फेटा ताटात तसाच पडून राहिला. वहिनीने डोळे पुसले आणि ते ताट माझ्यासमोर धरायला लावलं. "पाठीशी तुम्हीच उभे राहिलात, भाऊ." फेटा बांधणाऱ्याने माझ्या डोक्याला तो आवळून बांधला. जेवणं होईपर्यंत मला तो सोडता आला नाही. त्या मांडवात मी काय जेवलो ते आज आठवत नाही.

खूप वर्षांनी, मळ्यांचे प्लॉट पडायला लागले तेव्हा, तो दीर मला पंचवटीच्या भाजीबाजारात भेटला. मी मान खाली घालून पुढे निघालो होतो. त्यानेच हाक मारली.

"शेठ, भिंत बघून घ्या तुमची. पाया फुगलाय. तुमच्या देवनळाच्या गड्ड्यांनी आतून उचललाय. गवत कुठनं निघालं ते मी त्या दिवशी अंगणातूनच पाहिलं होतं."

एवढं बोलून तो पिशवी उचलून गर्दीत गेला.

वहिनीला मी अजून सांगितलेलं नाही. तो माझा दोष, आणि मी तो दुसऱ्या कोणावर ढकलत नाही. पण दादा, तुम्हाला दिसलं होतं. तुमच्या अंगणात, तुमच्या माणसांसमोर, एका शब्दात तुम्ही मला उघडं पाडू शकला असता. पाट राहिला असता, भावजय राहिली असती, पुतणीच्या लग्नात तुम्ही असता. मी खोटं बोललो ते का, हे मला ठाऊक आहे. तुम्ही खरं का गिळलं, हे मला कळत नाही, आणि त्याने माझी झोप उडाली आहे. माझ्या दारात या, काय शिव्या घालायच्या त्या घाला, पण तुम्ही गप्प का बसलात याचा जाब मला द्या.