शेवटच्या सर्गातला घोडा

मी ते पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलंच नव्हतं, आणि गटाचा प्रमुख मीच होतो.

चंद्रपुरात आमचा सहा जणांचा वाचनगट दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसायचा. ग्रीकांचं ते जुनं युद्धकाव्य मराठी अनुवादातून आळीपाळीनं मोठ्यानं वाचायचं आणि मग त्यावर बोलायचं. पोटात सैनिक लपवून शत्रूच्या शहरात शिरलेल्या लाकडी घोड्याची गोष्ट मी मास्तरकीची सगळी वर्षं पोरांना रंगवून सांगितलेली, त्यामुळे पुस्तक घोड्यावरच संपणार याबद्दल मला शंका नव्हती. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकात सगळ्यात दणक्याचा प्रवेश शेवटी राखून ठेवतात. ग्रीकांनी तरी वेगळं काय केलं असणार? कुणी जांभई दिली की मी म्हणायचो, थांबा, घोडा येऊन राह्यला. एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी ओळखीच्या बुरडाकडून बांबूचा कमरेएवढा घोडा करून घेतला आणि शेवटच्या रविवारी ऑटोत मांडीवर घेऊन वाचनालयात आलो.

त्या दिवशी पाळी सिस्टरबाईंची होती. बाई सिरोंच्याकडच्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. चर्चेत फारशा बोलत नसत. म्हाताऱ्या राजाच्या मुलाला मारून शत्रूनं त्याचं प्रेत रथामागे फरफटत नेलं, ते वाचलं तेव्हा मात्र त्यांनी विचारलं होतं, "मंग बापाले पोरगा भेटते का?" मागाहून कळलं, त्यांचा धाकटा भाऊ गोदावरीच्या पुरात गेला होता. वडील कितीतरी दिवस काठाकाठानं चालत राहिले, पण हाती काही लागलं नाही. उत्तर मला कुठे माहीत होतं? मी आपलं ठोकून दिलं, पुढे येईल.

आणि आता मीच सुचवलं, की या शेवटच्या सर्गाची सुरुवात रडारडीची दिसते, ती गाळू या, थेट घोड्यावर येऊ.

"नाई," बाई म्हणाल्या. "माही पाळी आहे. मी वाचीन."

त्या वाचू लागल्या. म्हातारा राजा एकटा शत्रूच्या गोटात शिरतो. ज्या हातांनी पोरगा मारला, तेच हात धरून ओठांना लावतो. मारणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या बापाची आठवण करून देतो. दोघेही रडतात. मग तोच मारेकरी प्रेत उचलून ठेवतो, म्हाताऱ्याला जेवू घालतो आणि विचारतो, क्रियाकर्माला किती दिवस लागतील? तितके दिवस लढाई थांबवतो.

प्रेत उचलण्याची ओळ बाईंनी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा अगदी सावकाश. हजारो वर्षांपूर्वी, कुठल्या तरी परमुलखात बसून कुणीतरी शत्रूच्या बापासाठी हे रचलं होतं, आणि मी ते पोरांना कधी सांगितलंच नव्हतं. मला फक्त डावपेच ठाऊक होते.

चिता विझली, अस्थी पुरल्या, लोक जेवायला बसले. मी माझ्या प्रतीतलं पान घाईनं उलटलं. पुढे नुसतं मलपृष्ठ. सगळ्यांनी आधी कोपऱ्यातल्या घोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

सिस्टरबाईंनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं, चष्मा काढून डोळे पुसले.

"भेटला बापाले," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी चष्मा परत चढवला आणि मला नीट न्याहाळलं.

"सर, शाळेत पोरायले बी तुमी असंच शिकवलं काय?"