मूकपटातल्या हवालदाराला भेटायला पनवेलला

सांगलीहून निघालेली एसटी पनवेलच्या स्टँडवर थांबली, तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचे दिवस. स्टँडबाहेर सुकटीचा वास, मिठागरावरून येणारा दमट वारा आणि दूरवर अंगठ्यासारखा उभा कर्नाळ्याचा सुळका.

माझ्या पिशवीत एक व्हिडिओ कॅसेट होती. आमच्या कॉलेजच्या फिल्म मंडळाला तंबू सिनेमावाल्या एका कुटुंबाकडून जुन्या मूकपटाचा तुकडा मिळाला होता. मूळ रीळ हात लावताच चुरत होतं. कॅसेटवर उतरवून घेतलेलं तेवढंच उरलं. त्यात चोरामागे धावणारा आणि भिंतीवरून धाडकन पडणारा हवालदार होता. ते काम करणारे एझ्राकाका पनवेलमध्ये हयात आहेत असं कळलं, म्हणून मी निघालो होतो.

आधी खाणावळीत तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण जेवलो. मग व्हिडिओ लायब्ररीतून व्हीसीआर भाड्याने घेऊन रिक्षात बसलो. रिक्षावाला जवळच्या गावातला, पिकल्या मिशांचा.

"एझ्रामास्तर? त्यो लंगडा म्हातारा ना? आमच्या शालेत हुता. कुनाला मारलान नाय कदी."

"ते सिनेमात होते, ठाऊक आहे?"

"सिनेमात?" त्याने वळून पाहिलं. "काय सांगताव! आमी त्याला कदी हसताना पन बघला नाय."

घर बैठं, कौलारू. एझ्राकाका बेने इस्राएली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. दाराच्या चौकटीला मेझुझा (प्रार्थनेचा कागद ठेवलेली लहान नळी) होता. त्यांची मुलगी दीनाताई दारात आली. ओटीवर दोरीने बांधलेल्या पेट्या होत्या.

"पुढच्या महिन्यात भावाकडे, इस्रायलला जातोय आम्ही," ती म्हणाली. "आणि आज शुक्रवार आहे हं. शब्बाथचे, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लावायच्या आत बघून घ्या. त्यानंतर टीव्ही नाही लावत आम्ही."

मी तारा जोडल्या आणि वीज गेली.

एझ्राकाका काठी टेकत आले आणि खुर्चीत बसले. ऐंशीच्या घरातले, सडपातळ. दीनाताईने मलिदा (गूळ, खोबरं आणि फळं घातलेले गोड पोहे) पुढे ठेवला. पंखा थांबला होता. काकांनी विचारलं,

"तुमच्या कॉलेजातल्या मुलांना दाखवलंत ना हे? हसली?"

"हसली."

"कुठं?"

"तुम्ही भिंतीवरून पडता तिथं."

"सगळीकडे तिथंच हसायचे," ते शांतपणे म्हणाले. "मी पाच-सहा कॉमेड्यांत होतो. नायक पुढे, मी मागे. कधी हवालदार, कधी सावकार, कधी नुसताच मार खाणारा. त्या दिवशी भिंतीवरून धावायचं होतं. वरचा दगड सुटला आणि मी पलीकडे खडीवर पडलो. कंबरेचं हाड गेलं. मी ओरडत होतो. पण मूकपटात ओरडण्याचं काम सगळेच करायचे! कॅमेरावाला कॅमेऱ्याचं हँडल फिरवत राहिला. भोवती सगळे हसत होते. त्यांना वाटलं, आज एझ्रा रंगात आलाय."

"मग?"

"मग हॉस्पिटल. सिनेमा लागला तेव्हा कुबडी घेऊन आईबरोबर गेलो. मी पडलो तसं थिएटर डोक्यावर घेतलं लोकांनी. आई उठून बाहेर गेली. रस्त्यात एवढंच म्हणाली, 'एवढी माणसं होती रे, एकाला पण कळलं नाही?' त्यानंतर पळता न येणाऱ्याला कॉमेडीत कोण घेणार? पुढे बोलपट आले. मी इथं शाळेत लागलो."

मी कॅसेट काढून पिशवीत ठेवू लागलो. दाखवायचा धीरच उरला नव्हता. तेवढ्यात पंखा फिरला.

"राहू द्या," काका म्हणाले. "लावा."

पडद्यावर आधी पांढऱ्या रेघा, मग ढगळ गणवेशातला एक तरुण. गुडघे उंच उचलत, टोपी सावरत तो बैलगाडीच्या जुवावरून उडी मारून पलीकडे गेला, वळला, भिंतीवर चढला. दीनाताईचा हात तोंडावर गेला.

"थांबवा!" काका म्हणाले.

मी बटण दाबलं. भिंतीवर हवालदाराचा एक पाय हवेत होता.

"पडणं नको. पुन्हा पहिल्यापासून."

आम्ही ते धावणं कितीदा तरी पाहिलं. दर खेपेला भिंतीवर थांबलो. खुर्चीत बसलेल्या काकांचा चांगला पाय जमिनीवर हलत होता. डोळ्यांतलं पाणी त्यांनी पुसलं नाही. ऊन कौलांवरून उतरलं, तेव्हा दीनाताईने टीव्ही बंद केला आणि डोक्यावर पदर घेऊन दिवे लावायला गेली.

मी निघालो तेव्हा दीनाताई कोपऱ्यापर्यंत आली.

"मी जन्मल्यापासून बाबांना काठीशिवाय पाहिलंच नव्हतं," ती म्हणाली. मग चाचरत विचारलं, "ती कॅसेट... आम्ही नेली तर चालेल?"

मंडळाकडे दुसरी प्रत नव्हती. तरी कॅसेट तिच्या हातात दिली.

परतीची गाडी बोरघाट चढत असताना शेजारचा प्रवासी घोरत होता, मला मात्र झोप लागली नाही. मंडळात पुढे पुष्कळ वाद झाले. मराठी मुलखातला एक दुर्मीळ ठेवा मी घालवला, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. खरंच घालवला. त्या हवालदाराच्या पडण्यावर आता इथं कुणी हसणार नाही, आणि तो किती सुंदर धावायचा, हेही कुणाला कळणार नाही.