डोळ्यांसमोरचं उदाहरण

"मॅडम, तुम्ही या विषयात पार्टी आहात ना," चेअरमन म्हणाले. "परीक्षक कसा, न्यूट्रल हवा."

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये कमिटीची मीटिंग होती. मी समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत. मांडीवर फाइल. गुण कसे द्यायचे याचा तक्ता मी करून नेला होता. मुद्द्यांना किती, मांडणीला किती, भाषेला किती. दर वर्षी करते.

सेक्रेटरीबाई मोबाइल बघत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "पर्सनली नका हं घेऊ. तुमच्याबद्दल सगळ्यांना रिस्पेक्टच आहे."

सव्वीस जानेवारीची निबंध स्पर्धा होती, सोसायटीतल्या मुलांसाठी. विषय कमिटीने दिला होता. 'गुणवत्ता की आरक्षण?'

"मग परीक्षक कोण?" मी विचारलं.

"आमचे मेहुणे आहेत ना, शनिवार पेठेतले. रिटायर्ड इंजिनिअर. वाचन दांडगं. आणि त्यांचा या विषयाशी काही संबंध नाही."

काही संबंध नाही. मेहुणे न्यूट्रल. मी पार्टी. मी फाइल बंद केली आणि घरी आले.

मिली, परवा तू फोनवर विचारलंस, "आजी, इन्फर्मेटिव्ह, आर्ग्युमेंटेटिव्ह आणि परस्वेसिव्ह, यात फरक काय? टीचरने तिन्ही लिहायला सांगितलेत." मी तुला सांगितलं. माहितीच्या निबंधात जे आहे ते नीट सांगायचं. वादाच्या निबंधात दोन्ही बाजू तपासून एक घ्यायची आणि तिला पुरावे द्यायचे. मन वळवण्याच्या निबंधात वाचणाऱ्याला जागचं हलवायचं. तू "ओके आजी" म्हणालीस. सम्यक मागून काहीतरी ओरडत होता. फोन संपला.

मी सांगितलं ते चूक नव्हतं. अर्धवट होतं. एखाद्याचं बोलणं माहिती म्हणून ऐकायचं की मत म्हणून, हे कोण ठरवतं? ते शिकवायचं माझ्याकडून राहून गेलं. तुलाही, आणि इथल्या मुलांनाही. म्हणून हे लिहिते आहे. इंग्रजीत लिहू शकले असते. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजीच शिकवलं. पण हे सगळं माझ्याशी मराठीत घडलं. बाबा तुम्हा दोघांना वाचून दाखवेल. वाचताना तोही मधेमधे थांबेल. यातलं निम्मं मी त्यालाही कधी सांगितलेलं नाही.

मी पार्टी आहे हे त्यांना कळलं कसं, ते आधी सांगते.

आपल्या हॉलमध्ये आता दोन फोटो आहेत ना, एक बुद्धांचा आणि एक निळ्या कोटातला, हातात पुस्तक असलेला, ते पूर्वी आतल्या खोलीत होते. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा तुमचे आजोबा म्हणाले होते, "आधी ओळख होऊ दे. मग लावू बाहेर." आडनावावरून कोणाला काही कळत नव्हतं. माझ्या इंग्रजीवरून लोक आपापलं ठरवून मोकळे झाले होते. वर्षं गेली. गेल्या वर्षी आजोबा गेले, तेव्हाही फोटो आतच होते. तेरावं-चौदावं आपण करत नाही, हे शेजाऱ्यांना विचित्र वाटलं असेल. विचारलं कोणी नाही. ते गेल्यावर एका दुपारी मी स्टुलावर चढले आणि दोन्ही फोटो हॉलमध्ये लावले. ज्या ओळखीची वाट बघत होतो ती काही झाली नव्हती.

संक्रांतीला केतकीची आई तिळगूळ घेऊन आली. केतकी म्हणजे माझ्या रविवारच्या वर्गातली सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, सातवीतली. आई दारातून आत आली, भिंतीकडे बघितलं, आणि थांबली.

"अय्या, तुम्ही..." वाक्य तिथेच सोडलं. मग म्हणाली, "नाही, म्हणजे, वाटलंच नव्हतं हो. तुमचं इंग्लिश इतकं छान आहे."

तिला हे कौतुकच वाटत होतं. मीही "थँक यू" म्हणाले. सवयीने. ती बसली नाही. अजून चार घरी जायचं होतं म्हणे. कमिटीची ती मीटिंग त्याच आठवड्यात झाली.

मीटिंगमध्ये मी गप्प का बसले? वर्गासाठी.

तुमचा बाबा तिकडे परदेशात गेला, त्यानंतर मी रविवारचा निबंधाचा वर्ग सुरू केला. क्लबहाउसमध्ये, सकाळी. फी नाही. मुलं मला मॅडम म्हणत नसत, आजी म्हणत. मला तेवढंच हवं होतं. आठवडाभर मी त्या हाकेची वाट बघायचे. भांडले तर वर्ग जाईल हे मला माहीत होतं. म्हणून त्या रविवारी, मीटिंगनंतरच्या, मी नेहमीसारखी गेले आणि स्पर्धेसाठी मुलांची तयारी करून घेतली. विषय तोच. फळ्यावर माझ्याच हाताने लिहिला. 'गुणवत्ता की आरक्षण?' खडू एकदा मोडला.

मी शिकवलं ते असं. सुरुवात एका प्रसंगाने करा, व्याख्येने नको. विरुद्ध बाजूचं म्हणणं अशा शब्दांत लिहा की त्या बाजूच्या माणसाने वाचून मान डोलवावी. मगच खोडून काढा. आणि उदाहरण लांबचं देऊ नका. पेपरातलं नको, गाइडमधलं नको.

"मग कुठलं?" केतकीने विचारलं.

"डोळ्यांसमोरचं," मी म्हणाले.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं, जिलेबी झाली, आणि सगळे क्लबहाउसमध्ये जमले. मेहुणे टेबलाशी बसले होते. मला पहिल्या रांगेत बसवलं. पाहुण्यांना गुलाब देण्याचं काम माझ्याकडे होतं. दिले.

केतकीने निबंध वाचला. सुरुवात प्रसंगाने केली, शाळेच्या प्रवेशाच्या रांगेतल्या. मग विरुद्ध बाजू आली. "पूर्वी काही लोकांवर अन्याय झाला असेलही," ती वाचत होती.

असेलही.

मी मान डोलवली नाही. पुढचं वाक्य आलं.

"आमच्या सोसायटीत एक आजी आहेत. त्यांचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. त्यांना पेन्शन आहे. त्यांचा मुलगा परदेशात आहे. त्या आपल्या सगळ्यांपेक्षा छान इंग्लिश बोलतात. आता तुम्हीच सांगा, त्यांच्या नातवंडांना सवलतीची गरज आहे का?"

हॉलमधली डोकी माझ्याकडे वळली. लोक हसले. त्या हसण्यात दुष्टपणा अजिबात नव्हता. पोरीच्या हुशारीचं कौतुक होतं, आणि त्यात मीही सामील होईन अशी खात्री. ती खात्री मला लागली. मुलांनो, ती नातवंडं म्हणजे तुम्ही. ज्यांना इथल्या कोणी धड पाहिलेलंही नाही, ती तुम्ही दोघं त्या हॉलमध्ये पुरावा म्हणून उभी होतात.

एकही वाक्य खोटं नव्हतं. फ्लॅट आहे. पेन्शन आहे. मुलगा आहे. सगळी खरी माहिती.

मेहुणे म्हणाले, "वा! याला म्हणतात मुद्देसूद. डेटा आहे, इमोशन आहे. नाहीतर हल्लीची मुलं!" पहिला नंबर केतकीचा.

ती धावत माझ्याकडे आली. हात धरला. "आजी, उदाहरण कसं होतं? डोळ्यांसमोरचं दिलं की नाही?"

तिचा चेहरा, मिली, अगदी तुझ्यासारखा. शाबासकीची वाट बघणारा. तेवढ्यात चेअरमननी माइकवर जाहीर केलं, "बक्षीस मॅडमच्याच हस्ते. शेवटी शिष्या कोणाची!" टाळ्या. मी उठले.

खुर्चीपासून टेबलापर्यंत अंतर ते केवढं. पण तेवढ्यात मला माझा पहिला निबंध आठवला.

मी पाचवीत होते. विषय होता 'माझे घर'. मी लिहिलं होतं, आमची खोली पत्र्याची आहे, नाल्याला लागून. पावसाळ्यात पाणी आत येतं तेव्हा आम्ही खाटेखाली विटा लावतो. आई पहाटे झाडू घेऊन कामावर जाते. ती आमच्या शाळेपुढचा रस्ता झाडते. मला वाटलं, हे लिहिलेलं बाईंना आवडेल. रस्ता त्यांच्या ओळखीचा होता.

बाईंनी मला उभं केलं आणि निबंध वर्गात वाचला. विटांपाशी मुली हसल्या. बाईंनी त्यांना हसू दिलं. मग मला म्हणाल्या, "हा निबंध आहे की तक्रार अर्ज? निबंधात चार चांगल्या गोष्टी लिहायच्या असतात. तुमच्याकडची रडगाणी नाही."

तुमच्याकडची. तो शब्द मला तेव्हा नीट कळला नव्हता. झोंबला मात्र होता.

पुढच्या वेळी मी एका मैत्रिणीच्या गाइडमधून उतरवून काढलं. अंगणात तुळशीवृंदावन. ओटीवर झोपाळा. देवघरात समई. बाईंनी 'उत्तम' असा शेरा दिला. मी पळत घरी जाऊन आईला तो निबंध वाचून दाखवला. तिला अक्षर येत नव्हतं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"कुनाचं घर हाय गं ह्ये?" तिने विचारलं.

"निबंधातलं," मी म्हणाले.

"चांगलं हाय," ती म्हणाली, आणि भाकऱ्या थापायला बसली.

त्यानंतर शाळेत मी माझं घर कधी लिहिलं नाही. तुळशीच लिहीत गेले. पुढे एम. ए. झाले, प्राध्यापक झाले, तीस-चाळीस जणांच्या वर्गापुढे उभी राहून निबंध कसा लिहावा ते शिकवलं. मांडणी, पुरावा, समारोप. माझी खरी माहिती मात्र आतल्या खोलीतच. त्या फोटोंसारखी.

मी माइकपाशी पोचले. चषक टेबलावर होता. मी तो उचलला नाही.

"केतकीची मांडणी चांगली आहे," मी म्हणाले. "मीच शिकवली आहे. पण ज्या बाईचं उदाहरण दिलं, त्या बाईला तिने काही विचारलं नाही. केतकीच्या घरातल्यांनीही नाही. या हॉलमध्ये कोणीच कधी नाही. माझा फ्लॅट तुम्हाला माहीत आहे. माझी आई माहीत नाही. ती याच शहराचे रस्ते झाडायची. तिला सही करता येत नव्हती. तिच्या मुलीला कॉलेजात जागा मिळाली ती सवलतीतून. पुढच्या परीक्षा तिने स्वतः दिल्या. हे माझं मत नाही. ही माहिती आहे."

"मॅडम, मॅडम," चेअरमन पुढे आले. आवाज अगदी गोड. "आजचा दिवस काय, मुलं बसलीयेत. राजकारण नको ना."

"विषय मी नाही दिला," मी म्हणाले. "तुम्ही दिलात. आणि तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे, मी न्यूट्रल नाही. तुम्हीही नाही. तुमचे मेहुणेही नाहीत. या हॉलमध्ये फक्त मलाच ते कबूल करावं लागतं. हे बक्षीस माझ्या हातून दिलं जाणार नाही."

मागून कोणीतरी म्हणालं, "बघा, शेवटी बाहेर आलंच."

मी माइकपासून मागे फिरले. केतकी रडत होती. तिला कळतच नव्हतं तिचं काय चुकलं. तिच्या पाठीवर हात ठेवायला मी वाकले, तर तिच्या आईने तिला जवळ ओढून घेतलं. त्या पोरीचं तोंड माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्या दिवसाचं मला एवढंच दुःख आहे, आणि ते थोडं नाही.

त्याच दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर तिच्या आईचा मेसेज आला. 'मुलांच्या कार्यक्रमात कोणी पर्सनल अजेंडा आणू नये ही नम्र विनंती.' खाली नमस्काराचे हात, त्याखाली इतरांचे अंगठे. पुढच्या रविवारी मी क्लबहाउसमध्ये जाऊन बसले. फळा पुसला. खडू काढून ठेवला. कोणी आलं नाही. बऱ्याच वेळाने सेक्रेटरीबाई किल्ली मागायला आल्या. "रविवारी आता योगासाठी दिलाय हॉल," म्हणाल्या. मी किल्ली दिली. लिफ्टमध्ये केतकी भेटते. मजल्यांचे आकडे बदलताना बघत राहते. आजी म्हणत नाही.

घर फार शांत झालं आहे. तुम्हाला उगाच खोटं कशाला सांगू?

मिली, आता तुझ्या निबंधाचं. तुझ्या शाळेतही कधीतरी कुटुंबाबद्दल लिहायला सांगतील. कोणीतरी तुला विचारेल, तुम्ही नेमके कोण? सम्यक, तुलाही. त्यांच्या डोक्यात तुमच्या घराचं एक चित्र आधीच तयार असेल, आणि ते छान असेल. ते उतरवून दिलं तर 'उत्तम' मिळेल. देऊ नका. पणजी रस्ते झाडायची. खाटेखाली विटा होत्या. अंगणच नव्हतं, तर तुळस कुठून असणार? तसं लिहा. वाद म्हणून नको, दया यावी म्हणून नको. साधी माहिती. विशेषणं लागत नाहीत. आणि कोणी म्हणालं की तुम्ही या विषयात पार्टी आहात, तर म्हणा, हो. आणि तुम्ही?

मीही लिहायला बसले आहे. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या निबंधांना गुण दिले. एका निबंधात उदाहरणही होऊन पाहिलं. पुरे झालं ते.

या रविवारी सकाळी मी फळा घेऊन खाली पार्किंगमध्ये बसणार आहे. फळा माझा स्वतःचा आहे, त्याला कमिटीची किल्ली लागत नाही. वॉचमनला सांगून ठेवलं आहे. तो म्हणाला, "कुनी आलं न्हाई तर, आजी?" म्हटलं, मग मी एकटी लिहीन. फळ्यावर विषय असेल 'माझे घर'. पहिलं वाक्य तयार आहे. पाचवीत लिहिलं होतं तेच. आमची खोली पत्र्याची आहे, नाल्याला लागून.

या वेळी कोणी हसलं, तरी मी पुढचं वाक्य लिहीन.