मिठाची रेषा

नारायण पेठेतल्या शरच्चंद्र खांबेट्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची होती: दहावीनंतर गणित ठेवलेली आणि दहावीनंतर गणित सोडलेली. दुसऱ्या प्रकारात त्यांची सख्खी बहीण होती, दोन्ही मेहुणे होते आणि बँकेत उभा जन्म काढलेली बायको सरोजिनीही होती. या सगळ्यांशी ते सभ्यपणे बोलत, पण सावकाश आणि मोठ्या आवाजात, बहिऱ्याशी बोलावं तसं.

शाळेतली नोकरी सोडून त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत क्लास काढला, तेव्हा मोजकी पोरं यायची. मग देशाची दारं उघडली म्हणतात ती उघडली, हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उगवल्या, आणि पुण्यातल्या प्रत्येक आईबापाला साक्षात्कार झाला की आपल्या पोटी इंजिनियरच जन्माला आलाय. खांबेट्यांच्या जिन्यात चपलांचा ढीग पडायला लागला. यात त्यांचं कर्तृत्व काय, म्हणाल तर काहीच नाही. बाजार त्यांच्या दारात चालून आला होता, इतकंच. पण ते कसले मानतात! ‘गणिताला अखेर बरे दिवस आले,’ असं ते म्हणत आणि स्वतःकडे बघून मान डोलवत.

अर्थशास्त्रावर त्यांचा खास राग होता. त्या विषयाचं एक पानही त्यांनी कधी उलटलं नव्हतं, त्यामुळे मत पक्कं होतं. गणित न जमणाऱ्यांनी आकृत्या घालून लिहिलेला निबंध म्हणजे अर्थशास्त्र, ही त्यांची व्याख्या. आता, तीही अगदीच खोटी होती असं नाही. कला शाखेची पोरं परीक्षेच्या तोंडावर गाइड आणायची आणि मागणीची रेषा रांगोळीसारखी पाठ करायची. वरून खाली उतरती काढली की झालं. ती का उतरते, हे विचारणारा बाकावर कुणी नसे, आणि चुकून कुणी विचारलंच तर सांगणारा फळ्यापाशी नसे.

अशात एके दिवशी उत्कर्षा दारात येऊन उभी राहिली. मुलगी वाशीमची. दहावीला गणितात उत्तम गुण पडूनही गावातलं जवळचं कॉलेज कला शाखेचं, म्हणून तिकडे घातलेली. आता पुण्यात, बिबवेवाडीला आनंदमामाकडे राहून, ती अर्थशास्त्रात बी.ए. करत होती. पुढे तिला एका नावाजलेल्या संस्थेत एम.ए. करायचं होतं, आणि तिथल्या प्रवेश परीक्षेत डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स असलं सगळं विचारत. बी.ए.त त्याचा मागमूस नव्हता. तीन वर्षं बिनपायाची इमारत बांधून घ्यायची आणि मग दारात अडवून विचारायचं, पाया कुठाय? धन्य ती विद्येची माहेरघरं! वडिलांनी, नागोरावांनी, तिला एकच संधी दिली होती. यंदा प्रवेश मिळाला तर शीक, नाहीतर गावी येऊन डी.एड. कर आणि मास्तरीण हो.

“कला शाखा?” खांबेट्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “गायनाचा क्लास पुढच्या गल्लीत आहे.”

“गणितच शिकायचंय सर.”

“कशासाठी?”

“अर्थशास्त्रासाठी.”

“म्हणजे भाजी जोखायला सोनाराचा काटा. बसा.”

त्यांनी तिला ठेवून घेतलं ते दयेपोटी नव्हे. कला शाखेच्या मुलीला गणित शिकवून दाखवलं की गावभर सांगता येईल, हा हिशेब. मुलगी मात्र त्यांना भारी पडली. दिवाळीपर्यंत तिने सायन्सच्या पोरांना मागे टाकलं. तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागे, आणि खांबेट्यांकडे कारण असे. एवढं एक त्यांचं मान्य करायलाच हवं, माणूस शिकवायचा मात्र जीव ओतून. कॉलेजात कधी न मिळालेलं ‘का’चं उत्तर तिला इथे रोज मिळत होतं, आणि त्यामुळे तिचा सरांवर देवासारखा विश्वास बसला.

एकदा ते म्हणाले, “आज अर्थशास्त्रज्ञांच्या सोयीसाठी मंडईतलं उदाहरण घेऊ.” फळ्यावर त्यांनी किंमत आडव्या अक्षावर घेतली, मागणी उभ्या.

“सर,” उत्कर्षा म्हणाली, “आमच्याकडे किंमत उभ्या अक्षावर घेतात.”

“मागणी कशामुळे बदलते?”

“किमतीमुळे.”

“म्हणजे किंमत हे कारण. कारण आडव्या अक्षावर, परिणाम उभ्या. आठवीच्या पोराला कळतं हे.”

“पण काऊन सर, सगळ्याच पुस्तकांत—”

‘का’साठीचा तो वऱ्हाडी शब्द तिच्या तोंडून निसटला आणि अख्खी खोली फिदीफिदी हसली. खांबेट्यांना हसणारा वर्ग फार आवडे.

“काऊन?” त्यांनी तिचाच सूर लावला. “कारण पुस्तकं लिहिणाऱ्यांनी दहावीला गणित सोडलं होतं!” मग तिचं पुस्तक मागून घेऊन त्यांनी लाल पेनाने त्यातल्या आकृत्यांवर फुल्या मारल्या. पोरांनी बाकं बडवली. उत्कर्षा खाली मान घालून बसली. तिने पुन्हा तो विषय काढला नाही. हा माणूस कारणाशिवाय बोलत नाही, तेव्हा चूक पुस्तकाचीच असणार, अशी तिने मनाची समजूत घातली.

रात्री जेवताना सरोजिनीबाई म्हणाल्या, “अहो, ती मुलगी म्हणत होती ते एकदा बघायचंत तरी.”

“तू गणित कधी सोडलंस?”

“दहावीला.”

“मग झालं तर.”

लेखी परीक्षा उत्कर्षाने सहज मारली. मग मुलाखत. समोर चार विद्वान, तिच्या हातात खडू. एक म्हणाले, मिठाच्या मागणीची रेषा काढा. मीठ स्वस्त असो वा महाग, माणूस तेवढंच खातो, हे तिला ठाऊक होतं. तिने सरांच्या पद्धतीने, किंमत आडवी घेऊन, जवळजवळ सपाट रेषा काढली. घाबरल्यामुळे अक्षांना नावं घालायची राहिली. सगळ्या अर्थशास्त्रात किंमत उभी घेतात, आणि तशी वाचली तर त्या सपाट रेषेचा अर्थ नेमका उलटा होतो.

“अस्सं,” ते गृहस्थ म्हणाले. “म्हणजे मीठ जरा महागलं की सगळा देश अळणी जेवतो?”

बाकीचे तिघे हसले. एका वाक्यात तिला सांगता आलं असतं की, माझी किंमत आडवी आहे. पण लोक हसायला लागले की मान खाली घालून गप्प बसायचं, हेही ती नारायण पेठेत शिकून आली होती. तिने खडू खाली ठेवला. यादीत तिचं नाव आलं नाही.

“रेषा बरोबर आहे!” ऐकून खांबेटे कडाडले. “गाढवं आहेत लेकाची. बघतोच त्यांच्याकडे!” आणि खरंच, खिशात खडू घालून ते त्या संस्थेत गेले. विभागप्रमुख सुनीती मॅडमनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं.

“गणिताने आपलं बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “आम्ही उलटं काढतो. कुणा जुन्या पंडिताने पाडलेली रीत आहे, सगळं जग तीच पाळतं. आम्ही पहिल्या तासाला हसत हसत सांगून टाकतो. त्या मुलीने आपल्याला कधी विचारलं नाही का?”

खांबेट्यांनी खिशातला खडू चाचपला.

“विचारलं होतं,” ते म्हणाले.

“मग?”

खांबेट्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. सुनीती मॅडमनी ताणलं नाही. यादी लागलेली आहे, आता काही करता येणार नाही, एवढं सांगून त्यांनी समोरचं काम ओढलं.

त्या दिवशी खांबेट्यांना स्वतःची लाज वाटली. नवी गोष्ट असल्यामुळे ती कशी वाटून घ्यायची हे त्यांना कळेना. स्वारगेटच्या पुढे वर्षानुवर्षं न गेलेला हा माणूस रिक्षा करून बिबवेवाडीला गेला. मामा कामावर गेला होता. उत्कर्षा बॅग भरत होती.

“पुढच्या वर्षी पुन्हा बस,” ते दारातूनच म्हणाले. माफी मागायची सवय नव्हती, म्हणून आवाज नेहमीसारखा हुकमीच लागला. “मी शिकवतो. फी नको.”

“बाबांना शब्द दिलाय सर. डी.एड.ला नाव घातलंय. एम.ए. पुढे कधीतरी बाहेरून करीन.”

“मग सुट्टीत येत जा. अडलं तर विचार.”

“नको सर,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा तर नव्हताच. “आता अडलं तर पुस्तकातच बघीन. ते हसत नाही.”

आणि वडीलधारं माणूस पहिल्यांदा घरी आलंय म्हणून ती चहा टाकायला आत गेली.